दोनशे पतंग आणि एका ओळीचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे कृषी शाखेचे पदव्युत्तर विद्यार्थी आहेत, गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. गुलाबी बोंडअळीवर त्यांनी नेटलोगो या सॉफ्टवेअरमध्ये एजंट-आधारित सिम्युलेशन केलं आहे, म्हणजे प्रत्येक शेतकरी, प्रत्येक पतंग कॉम्प्युटरवर वेगळा वागवला आहे. गावातले १४० कास्तकार, त्यांची वावरं, २०० पतंग (बोंडअळीचेच), नॉन-बीटीच्या ओळी (अळी मारणारं बीटी जनुक नसलेली साधी कपाशी; तिथे प्रतिकार नसलेली अळीही जगते, म्हणून तिला आश्रय म्हणतात), फरदड (हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेली कपाशी) असं सगळं त्यात घातलं आणि ३० हंगाम चालवलं. आश्रयाच्या ओळी २० टक्के ठेवल्या काय नि ५ टक्के ठेवल्या काय, दहापैकी नऊ रनमध्ये अळीत बीटीविरुद्ध प्रतिकार आलाच नाही. गाइड विचारतात, "यात गणित कुठे आहे?" आणि विद्यार्थी विचारतात, "अख्खं गाव कॉम्प्युटरवर उभं केल्यावर समीकरण कशाला पाहिजे?"

आधी मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर उघडा आणि ०.९९९ चा ४०० वा घात काढा. उत्तर ०.६७ येईल.

तुमच्या कोडात २०० पतंग आहेत. प्रत्येकात त्या जनुकाच्या दोन प्रती, म्हणजे एकूण ४००. प्रतिकाराचं जनुक सुरुवातीला हजारात एक इतकं विरळ आहे असं तुम्ही धरलंय. मग ४०० चिठ्ठ्यांत एकही प्रतिकाराची चिठ्ठी न निघण्याची शक्यता ६७ टक्के झाली. तीनपैकी दोन रनमध्ये ते जनुक गावात पहिल्या दिवसापासून नव्हतंच. जे पेरलंच नाही ते तीस हंगामांत उगवणार कुठून? उरलेल्या रनमध्येही बहुतेक वेळा एकच प्रत असणार, आणि एकुलती प्रत पुढच्या पिढीत पोचेलच याची खात्री नसते. लोकसंख्या स्थिर धरली तर पहिल्याच पिढीत ती गळून जाण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के निघते. म्हणून "आश्रय ओळींनी फरक पडत नाही" हा तुमचा निष्कर्ष खरं तर २०० या आकड्यातून आला आहे, बोंडअळीचा त्याच्याशी संबंध नाही.

हे कळायला मला कोड उघडावा लागला नाही. समीकरण कशाला, याचं अर्धं उत्तर इथेच झालं. पण उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे, आणि त्यात तुमच्या गाइडसाठीही दोन शब्द आहेत.

एक ओळ लिहू या. प्रतिकाराच्या जनुकाचं प्रमाण 'प' धरा आणि आश्रयाचा, म्हणजे नॉन-बीटी कपाशीचा, वाटा 'आ' धरा. समजा प्रतिकार पूर्ण अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही प्रती असलेली अळीच बीटी बोंडात जगते आणि बाकीच्या फक्त आश्रयात जगतात. आणि समजा गावातले सगळे पतंग एकमेकांत सरसकट मिसळतात. मग पुढच्या पिढीचं गणित असं:

नवा प = प × [आ + प(१ − आ)] ÷ [आ + प²(१ − आ)]

प अगदी लहान असताना याचा अर्थ सोपा होतो. दर पिढीची वाढ साधारण प² × (१ − आ) ÷ आ इतकी. वर्ग आहे म्हणूनच सुरुवात मुंगीच्या पावलाने होते. हजारातून एकपासून निघून पतंगांमधल्या निम्म्या प्रतींत पोचायला २० टक्के आश्रय असताना सुमारे २५० पिढ्या लागतात, ५ टक्के असताना पंचावन्न ते साठ, आणि १ टक्का असताना पंधराएक. वर्षाला पाच पिढ्या धरा: पन्नास वर्षं, अकरा-बारा वर्षं, तीन वर्षं.

तुम्ही ३० हंगाम, म्हणजे १५० पिढ्या चालवल्या. २० टक्क्यांच्या बाजूला तुम्ही लाखो पतंग घेतले असते तरी तिथे काही दिसणार नव्हतं. ते दिसायला २५० पिढ्या लागतात. पंढरपूरच्या वारीला आळंदीहून निघालो आणि पुण्यात पोचल्यावर विठ्ठल दिसला नाही म्हणून तक्रार केली, तसं झालं हे.

(हा हिशेब जुना आहे. विरळ अप्रभावी जनुकावर निवड किती मंद चालते हे जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२४ साली मांडलं; त्याच लेखात मँचेस्टरच्या काळ्या पडलेल्या पतंगांचं उदाहरणही आहे. हेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. कॉम्प्युटर नसताना पतंगांचं गणित होत होतं, एवढं लक्षात असू द्या.)

आता या ओळीतला एक शब्द हलवून बघा: "पूर्ण अप्रभावी". समजा एकच प्रत असलेली मिश्र अळीसुद्धा बीटी बोंडात शंभरात दहा वेळा जगते. मग सुरुवातीची वाढ वर्गाने होत नाही, सरळ पटीने होते. २० टक्के आश्रय असूनही दर पिढीला सुमारे १.४ पट. हजारात एकवरून निम्म्यावर जायला सोळा-सतरा पिढ्या पुरतात. पन्नास वर्षांचं काम साडेतीन वर्षांत! आश्रयाच्या टक्केवारीवर आपण इतकी वर्षं भांडतो आणि हा दहा टक्क्यांचा आकडा तिच्यापेक्षा जड निघतो. तुमच्या कोडात हा आकडा आहे का? मला वाटतं तुम्ही तो शून्य धरून कोडात कुठेतरी गाडून टाकला आहे आणि स्लायडर (आकडा हलवून बघायची पट्टी) दिलाय तो आश्रयाला. स्लायडर कशाला द्यायचा, हे समीकरण सांगतं. सिम्युलेशन स्वतःहून ते कधीच सांगत नाही, कारण तुम्ही जे हलवाल तेच ते दाखवतं.

विदर्भात हा आकडा शून्य नसावा असं मानायला कारण आहे. आपल्याकडे बीटी कपाशी आली ती संकरित बियाण्यात. बोलगार्ड या नावाच्या पहिल्या बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचं बोलगार्ड-२ आलं २००६ मध्ये. संकरित झाडाच्या बोंडातली सरकी म्हणजे पुढची पिढी. एका जनुकापुरतं बोलायचं तर मेंडेलच्या हिशेबाने त्यातल्या पाव सरकीत ते जनुक नसतं. गुलाबी अळी जगते सरकीवर. म्हणजे एकाच बोंडात विषारी नि बिनविषारी दाणे शेजारी, आणि अर्धवट प्रतिकार असलेल्या अळीला जगायची संधी. मिश्र अळीची टक्केवारी यानेच वाढते, असा शास्त्रीय युक्तिवाद आहे आणि तो मला पटतो. २०१७ च्या हंगामात विदर्भात काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल; तेव्हा शाळेत असाल. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि कवडी झालेला कापूस.

आश्रयाचंही कागदावर एक आणि धुऱ्यावर (बांधावर) एक. शिफारस होती एकूण क्षेत्राच्या २० टक्के किंवा सभोवती पाच ओळी, जे जास्त असेल ते. ४५० ग्रॅम बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं पाकीट मिळायचं. ते किती जणांनी पेरलं हे गावात कोणालाही विचारा, हसून सांगतील. काही पाकिटांत आश्रय म्हणून तूर यायची. हिरव्या अमेरिकन बोंडअळीला तूर चालते. गुलाबी अळी मात्र व्यवहारात कपाशीवरच जगते. तिच्यासाठी तुरीची ओळ म्हणजे शून्य आश्रय. तुमच्या कोडात 'आश्रय' नावाचा एकच रंग असेल तर त्यात तूर मोजली आहे का, तेवढं तपासा.

आता गाइडसाठी. समीकरण आहे म्हणून खरं आहे, असंही नाही. यासाठी आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे. साथीच्या रोगांचं जे समीकरण आज सगळीकडे शिकवतात ते करमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये मांडलं. मॅकेंड्रिक भारतातल्या वैद्यकीय सेवेत होते. करमॅक यांची दृष्टी प्रयोगशाळेतल्या स्फोटात गेली होती, तरी हे काम त्यांनी केलं. दोघांनी आपली वक्ररेषा बसवून दाखवली ती १९०५-०६ मधल्या मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंवर. रेषा देखणी बसली. पण प्लेग येतो उंदीर-पिसवांकडून आणि ऋतूप्रमाणे चढतो-उतरतो. समीकरणात उंदीरही नव्हता, पिसूही नव्हती, ऋतूही नव्हता. रेषा बसली म्हणजे कारण सापडलं, असं धरून चालता येत नाही. त्यांचं समीकरण टिकलं ते एका विचारामुळे: संसर्गाला बळी पडू शकणाऱ्यांची संख्या एका उंबरठ्याखाली गेली की साथ आपोआप विझते, सगळे आजारी पडावे लागत नाहीत.

मी वर जी ओळ लिहिली, तिच्यातही अशी एक खोट आहे: "सगळे पतंग सरसकट मिसळतात." तुमच्या गावात मिसळतात का? समजा गावाच्या एका टोकाला पाच जणांनी नॉन-बीटी ओळी लावल्या आणि दुसऱ्या टोकाला पन्नास वावरांत एकही नाही. सरासरी काढली तर आश्रय ठीकठाक दिसेल. पण बीटी वावरात जगलेला प्रतिकारी पतंग तिथल्या तिथे दुसऱ्या प्रतिकारी पतंगाशी जुळला, तर त्यांची सगळी पिल्लं प्रतिकारी. आश्रयातले भोळे पतंग लांबच राहिले. आश्रयाचं सगळं तर्कशास्त्र त्या भेटीवर उभं आहे आणि समीकरणाने ती भेट गृहीत धरून टाकली आहे.

इथे एजंटांचं काम सुरू होतं. तरीही पूर्णपणे अंधारात उडी मारायची गरज नाही. दोन टोकं कागदावर सोडवता येतात: पतंग अख्ख्या गावात मिसळतात ते एक टोक (वरची ओळ), आणि पतंग आपलं वावर सोडायच्या आधीच जुळतात ते दुसरं. दुसऱ्या टोकाला आश्रय नसलेल्या वावरात जे जगतं ते पहिल्याच पिढीत शंभर टक्के प्रतिकारी. तुमचं सिम्युलेशन या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसतं आणि पतंगाच्या उडण्याच्या अंतराप्रमाणे कसं सरकतं, हा तुमच्या प्रबंधाचा खरा आलेख आहे. गाइडला तो दाखवा, "गणित कुठे आहे" हा प्रश्न परत येणार नाही. आलेखाच्या दोन्ही टोकांना गणितच आहे.

फरदडीचं वेगळं. तिथे प्रश्न अळीचा नाही, माणसाचा आहे. डिसेंबरअखेर पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटा, शेळ्या-मेंढ्या सोडा, पऱ्हाटीचे ढीग घराशेजारी रचू नका, हे दरवर्षी सांगितलं जातं. ज्याच्या विहिरीला पाणी आहे आणि जानेवारीत भाव बरा आहे, तो अजून एक वेचा घेतोच. मीही घेतला आहे. त्याच्या वावरातली अळी शेजाऱ्याच्या पुढच्या हंगामात उतरते. शेजारी म्हणतो, तो ठेवतोय तर मी एकट्यानं उपटून काय होणार? प्रत्येकाचा एक उंबरठा असतो: "इतक्या जणांनी उपटली तर मीही उपटतो."

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये दंगलीचं उदाहरण घेऊन हे मांडलं. मी ते वावरात आणतो. शंभर कास्तकार. पहिल्याचा उंबरठा ०, दुसऱ्याचा १, तिसऱ्याचा २, असं करत शेवटच्याचा ९९. पहिला स्वतःहून उपटतो, त्याला बघून दुसरा, दोघांना बघून तिसरा, आणि अख्खं गाव फरदडमुक्त. आता फक्त दुसऱ्याचा उंबरठा १ च्या जागी २ करा. पहिला उपटतो आणि तिथेच थांबतं. ९९ वावरांत फरदड उभी. सरासरी उंबरठा ४९.५० वरून ४९.५१ झाला, बाकी काही नाही. दोन शेजारच्या गावांचं सर्वेक्षण केलं तर आकडे सारखे येतील आणि परिणाम जमीन-अस्मानाचा. म्हणून 'सरासरी शेतकरी' धरून लिहिलेलं समीकरण इथे उताणं पडतं.

पण गंमत बघा, ग्रॅनोव्हेटर यांनी हे कॉम्प्युटर न चालवता सोडवलं. उंबरठ्यांचा संचयी आलेख (इतका किंवा त्याहून कमी उंबरठा किती जणांचा) काढायचा, त्यावर ४५ अंशांची रेघ मारायची, पहिल्यांदा छेदतात तिथे गाव थांबतं. चौकटीच्या कागदावर होणारं काम आहे. म्हणजे विषमता आली की समीकरण संपलं, असंही नाही. सरासरीचं समीकरण संपलं, वितरणाचं सुरू झालं. एजंट खरोखर लागतात ते यानंतर: कोण कोणाचं वावर बघतो, धुरा कोणाशी लागून आहे, ओलिताचे कास्तकार एकाच नाल्याकाठी आहेत की विखुरलेले, कोणाला कर्ज फेडायला तो शेवटचा वेचा लागतो.

माझी एक फजिती सांगतो, कारण ती गणित न केल्यामुळे झाली. बऱ्याच वर्षांपूर्वी संत्र्याच्या पट्ट्यात बोअरवेलचं सिम्युलेशन केलं होतं. बागा, बोअर, पंपाची वेळ, लाइट किती तास, शेजाऱ्याची ईर्ष्या, सगळं होतं. पन्नासच्या वर आकडे. पडद्यावर निळ्या ठिपक्यांचं गाव इतकं जिवंत दिसायचं की आम्ही स्वतःच भुललो. निष्कर्ष निघाला की थोडी शिस्त पाळली तर पाणीपातळी सावरते. अहवाल देऊन झाला. नंतर एका पावसाळ्यात, दुसऱ्याच कामासाठी, मी वर्षभरात आलेलं पाणी नि गेलेलं पाणी यांची बेरीज-वजाबाकी एका कागदावर मांडली आणि ती जुळेना. दोन वावरांच्या धुऱ्यावरच्या चौकटीत पडलेला पाऊस दोन्हीकडे मोजला जात होता. आमचं सिम्युलेशन पाणी तयार करत होतं! आलं वजा गेलं बरोबर साठ्यातला फरक: ही एक ओळ पहिल्या दिवशी लिहिली असती तर दहा मिनिटांत सापडलं असतं. संबंधितांना कळवलं, त्यांनी ऐकून घेतलं, अहवाल मात्र तसाच राहिला. तेव्हापासून दर पावलाला बेरीज जुळते का हे तपासणारी एक ओळ मी कोडात घालतो आणि जुळली नाही तर रन थांबवतो. तुमच्याकडे पतंगांची बेरीज आहे: जन्मले, मेले, जिनिंगच्या आवारातून वगैरे बाहेरून आले. तीही जुळली पाहिजे.

आणखी एक खाचखळगा, थोडक्यात. एजंट कधी निर्णय घेतात: सगळे एकदम, की एकामागून एक? नोवाक आणि मे या संशोधकांनी १९९२ मध्ये चौकटींच्या पटावर दाखवलं होतं की शेजाऱ्यांशीच व्यवहार असेल तर सहकार्य टिकून राहू शकतं. पुढच्याच वर्षी ह्यूबरमन आणि ग्लान्स यांनी तेच चालवलं, फक्त सगळ्यांना एकाच घटकेला न हलवता वेगवेगळ्या वेळी हलवलं, आणि त्या मांडणीत सहकार्य कोसळलं. निष्कर्ष घड्याळाला टांगलेला होता. तुमचे १४० कास्तकार एकाच टिकला (सिम्युलेशनच्या एकाच पावलाला) पऱ्हाटी उपटायचं ठरवत असतील तर ते बदलून बघा. खऱ्या गावात कोणी पोळ्यालाही एकदम निघत नाही.

आता काम. पतंग २०० वरून किमान २०,००० करा. कॉम्प्युटर रडला तर एका एजंटला शंभर पतंगांचा गठ्ठा मानू नका, चिठ्ठ्यांचा तोच घोळ परत येईल. त्यापेक्षा वावर हाच एजंट करा आणि आत तिन्ही प्रकारच्या पतंगांची (प्रतिकाराची एकही प्रत नसलेले, एक असलेले, दोन असलेले) संख्या ठेवा. मग काही काळ गाव विसरा. सगळे कास्तकार सारखे, आश्रय प्रत्येकाकडे २० टक्के, पतंग कुठेही उडू शकतो, प्रतिकार पूर्ण अप्रभावी, फरदड बंद. प ची सुरुवात ०.००१ ऐवजी ०.०५ पासून. वरची ओळ मी हाताने चालवली आहे: ०.०५, ०.०५९, ०.०७२, ०.०९२, ०.१२, ०.१७, ०.२६, ०.४१, ०.६५. आठव्या पिढीत निम्म्याच्या पुढे. तुमचं सिम्युलेशनही तिथेच, थोड्याफार हेलकाव्याने, आलं पाहिजे. हे आल्याशिवाय एकही नवी गोष्ट जोडू नका. आल्यावर एकेक गृहीतक परत आणा, एका वेळी एकच, आणि प्रत्येक वेळी रेषा किती सरकली ते लिहून ठेवा. आधी उडण्याचं अंतर, मग आश्रयाची मांडणी, मग मिश्र अळीचं जगणं, फरदड शेवटी. कामगंध सापळ्यांच्या (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणाऱ्या) नोंदी असतील तर त्याही तेव्हाच काढा. सलग तीन दिवस रोज सापळ्यात आठ पतंग हा फवारणीचा उंबरठा आहे, त्यावर पूर्ण मॉडेल जुळवायला जाऊ नका.

आठव्या पिढीला आकडा जुळला नाही, तर सर्वांत आधी पतंग जोडीदार निवडतात ती प्रक्रिया बघा. माझी चूक बहुतेक वेळा तिथेच निघाली आहे: नर मेलेल्यांच्या यादीतूनही उचलला जातो.